फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटर सुरू होईना की इंदूरमध्ये पहिलं निदान ठरलेलं असतं: "विंडो उड़ गई है, नई डालनी पड़ेगी." मशीन उघडायच्याही आधी, कधीकधी तर नुसत्या फोनवर. आपणही घरात तेच मराठीत सांगतो, ‘विंडोज उडाली’, आणि कॅबिनेट स्कूटरच्या पुढ्यात ठेवून दुकानात पोचवतो. संध्याकाळी मशीन चालू होऊन परत येतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो कुठेच नाहीत.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही मराठी घरात बघा, दहा-पंधरा वर्षांचा डेस्कटॉप अजून कुठल्या तरी कोपऱ्यात चालू असतो. मुलं शिकली, पुण्या-बंगलोरला गेली, मशीन मागे राहिलं. आता त्यावर आजोबांचा पत्रव्यवहार, मंडळाची स्मरणिका, एखाद्या छोट्या दुकानाची टॅली. नवीन घ्यायची गरज नसते आणि जुनं टाकवत नाही. अशा मशीनबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की ते सुरू होत नाही म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम खराब झाली, असं मुळीच नाही. बरेचदा गाडी सिस्टिमपर्यंत पोचलेलीच नसते. ती आधी कुठे अडली हे बघायचं, आणि फॉरमॅटचा, म्हणजे डिस्क पुसून सिस्टिम नव्याने घालायचा, विचार त्यानंतर करायचा.

बटण दाबल्यावर काय होतं

बटण दाबलं की आधी एसएमपीएस जागा होतो. भिंतीतल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो, आणि ते स्थिर झाले की मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाचा इशारा देतो. तोवर प्रोसेसर हलतसुद्धा नाही. मग प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम चालवू लागतो. जुन्या मशीनमध्ये हा बायोस, साधारण २०१२ नंतरच्या मशीनमध्ये यूईएफआय. तो रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड तपासतो. सगळं ठीक असेल तर ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क बघतो की हिच्यावर काही सुरू करण्यासारखं आहे का.

बायोसची पद्धत फार साधी आहे. तो डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यातल्या ४४६ बाइटमध्ये एक चिमुकला प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटमध्ये डिस्कवरच्या पार्टिशनचा (सी, डी अशा भागांचा) तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ओळखीची खूण. एवढ्या जागेत मावलेला प्रोग्रॅम पुढचा प्रोग्रॅम शोधतो. विंडोज ७ किंवा १० असेल तर हा पुढचा म्हणजे बूट मॅनेजर. तो आपल्या यादीत बघतो की विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे, आणि मग कुठे विंडोज उठते. यूईएफआयमध्ये पहिल्या ५१२ बाइटची भानगड नाही. तिथे डिस्कवर एक वेगळं छोटं पार्टिशन असतं आणि त्यात सुरू करायची फाइल ठेवलेली असते.

म्हणजे विंडोजचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. फॉरमॅट मारून नवीन विंडोज घातली तर फक्त शेवटचे दोन-तीन टप्पे नवे होतात. रॅम, केबल, सेल, बायोसच्या सेटिंग्ज या कशालाच फॉरमॅटचा हात लागत नाही.

कुठे अडलं?

पंखाच फिरत नाही, दिवाच लागत नाही, तर एसएमपीएस, पॉवर केबल किंवा समोरचं बटण बघायचं. डिस्कचा इथे काही संबंध नाही. बोर्डवर डोक्याने फुगलेले, वर तपकिरी डाग आलेले कपॅसिटर दिसले तर मात्र त्या बोर्डावर फार खर्च करू नये, असं मी सांगेन.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर नव्वद टक्के लोक मॉनिटरला दोष देतात. आधी कान द्या. अनेक जुन्या बोर्डांवर थांबून थांबून येणारी लांब बीप रॅमची तक्रार असते, एक लांब आणि दोन आखूड बीप ग्राफिक्सची. पावसाळ्यात हा प्रकार फार होतो. रॅमच्या पट्टीच्या पिवळ्या दातांवर ओल आणि धुळीचा थर बसतो आणि संपर्क तुटतो. वायर काढायची, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढायची, दातांवरून शाळकरी खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुगा फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा आणि दोन्हीकडून ‘खट्’ येईपर्यंत पट्टी परत बसवायची. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघायची. कितीतरी ‘मेलेली’ मशीन्स यावरच उठतात, आणि हे काम दहावीतली पोरगीसुद्धा करू शकते.

कंपनीचा लोगो येतो आणि पुढे काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. ती ओळ वाचायची, फोनवर फोटो काढायचा. ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ याचा अर्थ बायोसला सुरू करण्यासारखी डिस्कच मिळाली नाही. सगळ्यांत हास्यास्पद आणि सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे मागच्या बाजूला राहिलेला पेनड्राइव्ह. बूटचा क्रम यूएसबी आधी असा असेल तर मशीन त्या पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतं. तो काढला की संपलं. ते नसेल तर बायोसमध्ये जाऊन बघायचं, डिस्कचं नाव तरी दिसतंय का. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, असेंबल केलेल्या बहुतेक मशीनला डिलीट. नाव दिसत नसेल तर डिस्कची साटा केबल सैल असेल, नाही तर खराब. ती चपटी केबल अगदी स्वस्त मिळते, सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही काउंटरवर. नाव दिसतंय आणि ओळ ‘बूट मॅनेजर इज मिसिंग’ अशी आहे, तर डिस्क ठीक असून फक्त सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम किंवा त्याची यादी बिघडली असण्याची शक्यता मोठी. त्यालाही फॉरमॅट लागत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, ‘इन्स्टॉल नाऊ’चं मोठं बटण सोडून खाली कोपऱ्यातलं ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडायचं आणि स्टार्टअप रिपेअर चालवायचं. कधी ते दोन-तीनदा चालवावं लागतं.

नाण्याएवढा सेल

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रकार. आमच्या शेजारच्या काकूंचं विंडोज ७ चं मशीन. सकाळी लावलं की विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. दुकानदार म्हणाला विंडोज करप्ट, फॉरमॅट. काकू म्हणाल्या, "अरे, पण महिनाभर त्याच्यावर तारीख चुकीची येतेय, त्याचं काही असेल का?" त्यांनी सहज विचारलं, पण निम्मं निदान त्यातच होतं. बँकेची साइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, हीसुद्धा त्यांची जुनी तक्रार होती. तारीख २००९ ची असेल तर आजच्या साइटचं प्रमाणपत्र मशीनला अजून जन्मालाच न आलेलं वाटतं, म्हणून ते अडवतं.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वायर काढलेली असतानाही घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं, आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात. काही वर्षांनी तो संपतो. मग भिंतीवरचं बटण बंद झालं रे झालं की तारीख आणि सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात.

त्यात तारीख गेली तर गेली, पण एक सेटिंग घात करते: साटा मोड. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती, आयडीई आणि एएचसीआय. अनेक जुन्या बोर्डांवर मूळ सेटिंग आयडीई असते, आणि मशीन जुळवणाऱ्याने ती बदलून एएचसीआय केलेली असते. विंडोज ७ इन्स्टॉल होताना जी पद्धत असेल तेवढ्याच पद्धतीचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, सुरुवातीला उचलते. सेल संपून सेटिंग परत आयडीईवर गेली, की विंडोजला ती स्वतः ज्या डिस्कवर आहे तीच वाचता येत नाही. दुसरा ड्रायव्हर त्याच डिस्कवर आहे, पण कपाटाची किल्ली कपाटात आणि कपाट कुलूपबंद! निळ्या पडद्यावर कोड येतो, त्याच्या शेवटी ७बी असतं. पडदा थांबत नसेल तर विंडोज सुरू होताना एफ-८ दाबून ‘सिस्टिम फेल झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करू नको’ असा पर्याय निवडायचा, म्हणजे तो वाचता येतो.

काकूंच्या मशीनला नवा सेल घातला, बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय केला, तारीख लावली. विंडोज उडालेली नव्हतीच. सेल बदलणं नाजूक नाही: बाजूच्या छोट्या क्लिपला नखाने दाबलं की सेल उडी मारून वर येतो, नवा बसवताना अधिकची खूण वर. बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो मात्र मशीन धड असतानाच काढून ठेवावेत.

याच सेलचा दुसरा अवतार यूईएफआयच्या मशीनवर दिसतो. सेटिंग्ज पुसल्या की ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ ही निवड बदलू शकते, आणि डिस्क चांगली असून ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. उपाय तोच. लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेली असेल तर अशा बदलानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते.

डिस्कच मरत असेल तर

कधीकधी खरंच डिस्क जाते. टक्-टक् आवाज, साधा फोल्डर उघडायला मिनिटभर, विंडोजचं चक्र फिरतच राहणं. इथे फॉरमॅट मारणारा माणूस सगळ्यांत मोठं नुकसान करतो, कारण मरत्या डिस्कवर पंधरा-वीस जीबी नव्याने लिहिले जातात आणि जे वाचलं असतं तेही जातं. मशीन महिनाभर चालतं, पुन्हा बसतं. विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा चेकडिस्कसुद्धा आधी चालवू नये, आधी माल बाहेर काढावा.

तो काढायला विंडोज लागत नाही. लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालू होते. त्यात आपली जुनी डिस्क दिसते, दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर फाइल्स ओढून घ्यायच्या. त्यातच ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम आहे, तो डिस्कची तब्येत दाखवतो. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील तर डिस्क निवृत्त करायची. विंडोज १० च्या डिस्कवर फाइल्स वाचता येतात पण लिहिता येत नाहीत असं दिसलं तर घाबरू नका. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ मशीन बंद होताना डिस्क अर्धवट उघडी ठेवतं, म्हणून लिनक्स तिला हात लावत नाही. आपल्याला वाचण्यापुरतंच काम आहे.

आता काय काय उचलायचं? ‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरं नसतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही सी ड्राइव्हच्या पोटात, यूझर्स फोल्डरमध्ये असतात. सी फॉरमॅट झाला की डोळ्यांसमोर दिसणारा डेस्कटॉप आधी जातो. टॅलीचा डेटा आकड्यांची नावं असलेल्या फोल्डरांत असतो, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ब्राउझरचे बुकमार्क लपलेल्या फोल्डरमध्ये असतात.

आणि फॉन्ट. हे मराठी घरांचं आणि मंडळांचं खास दुखणं. स्मरणिका, लग्नपत्रिका, निवडणुकीच्या याद्या, वीस वर्षांपूर्वीचं हे सगळं श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर केलेलं. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाइल वाचवली, पण फॉन्ट वाचवला नाही, तर नव्या विंडोजवर ती उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. लोक समजतात फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते. म्हणून विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर पूर्णच्या पूर्ण उचलायचं, प्रोग्रॅमच्या सीडी आणि यूएसबीला लावायचं डोंगल असेल तर तेही शोधून ठेवायचं. स्मरणिकेच्या जुन्या फाइल्सची पीडीएफ जुन्या मशीनवरच करून घेतली तर उत्तम. त्यातला मजकूर सहज बदलता येत नाही, पण वाचता कायम येतो.

मग कुठली सिस्टिम घालायची

इतकं सगळं करूनही नव्याने इन्स्टॉल करायची वेळ येते, नाही असं नाही. एक्सपीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर बहुतेक करून आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, म्हणजे साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा. दुकानांत या अटी चुकवून विंडोज ११ घालून देतात. चालतं, पण पुढचं मोठं अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही. इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर तर तेही जमत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही सूचना असणं सक्तीचं आहे, त्या त्यात नाहीत, त्यामुळे मशीन सुरूच होत नाही.

माझं मत सरळ आहे. बँक, मेल, बातम्या, मराठी टायपिंग एवढंच काम असेल आणि चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी आणि हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (चिपवर चालणारी, न फिरणारी डिस्क) लावावी. जुन्या मशीनला याहून मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. पेजमेकर, श्री-लिपी किंवा जुनी टॅली अडत असेल तर विंडोज ७ तसंच ठेवावं, पण त्याची नेटची वायर काढून टाकावी. एकाच मशीनवर दोन्ही हौशी भागवायच्या नादी लागू नये.

पेनड्राइव्ह बनवताना नेटवरून उतरवलेली आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलमध्ये) नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा तसल्याच प्रोग्रॅमने ती ‘लिहावी’ लागते. पेनड्राइव्ह मागच्या काळ्या पोर्टला लावा. निळ्या यूएसबी ३ पोर्टवरून जुने बोर्ड कधीकधी सुरू होत नाहीत. काही बोर्डांवर पेनड्राइव्हचं नाव यूएसबीच्या यादीत नसून हार्ड डिस्कच्या यादीत सापडतं. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा साधा आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला, तर थांबून विचार करा. साध्यावरून सुरू केलं तर जुन्या एमबीआर (वर सांगितलेल्या पहिल्या ५१२ बाइटच्या) पद्धतीने इन्स्टॉल होईल, दुसऱ्यावरून यूईएफआयच्या जीपीटी पद्धतीने. ‘या डिस्कवर विंडोज घालता येत नाही’ असा संदेश आला की बहुतेक लोक डिस्क पुसून टाकतात. बरेचदा फक्त बूट मेनूतली दुसरी ओळ निवडायची असते.

एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर जिच्यावर घालायचं ती सोडून बाकीच्यांच्या केबल काढाच. नाही तर विंडोज स्वतः एका डिस्कवर बसते आणि तिचा बूट मॅनेजर दुसरीवर ठेवू शकते, मग ती दुसरी काढली की सगळंच बंद. पार्टिशनच्या यादीत ‘सी’, ‘डी’ अशी नावं दिसत नाहीत, नुसते आकडे आणि साइझ दिसतात. म्हणून साइझ आधी कागदावर लिहून ठेवायचे. विंडोजवर विंडोज घालताना पार्टिशन फॉरमॅट न करता तशीच निवडली, तर जुन्या फाइल्स ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवल्या जातात. हे फोल्डर पुढे विंडोज स्वतःच पुसू शकते, तेव्हा त्यातलं लगेच उचलायचं.

पहिल्या रीस्टार्टला, पेनड्राइव्हवरून सुरू करायचं का असं विचारणारी ‘प्रेस एनी की’ ही ओळ पुन्हा येऊ शकते. काहीही दाबायचं नाही. दाबलं की इन्स्टॉलेशन पहिल्यापासून सुरू, आणि लोक म्हणतात मशीन अडकलंय.

विंडोज १० ची परवानगी मदरबोर्डशी बांधलेली असते. त्याच बोर्डवर परत घालताना की मागितली तर ‘माझ्याकडे नाही’ म्हणायचं आणि आधी होती तीच आवृत्ती निवडायची, नेट लागलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. विंडोज ७ ची की बहुधा कॅबिनेटवरच्या स्टिकरवर असते, शाई उडायच्या आत तिचा फोटो काढा. नवीन सिस्टिमला नेटवर्कचा ड्रायव्हर सापडला नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग लावायचं, बहुतेक वेळा ते विनाड्रायव्हर चालतं आणि बाकीचे ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतात. सगळं बसलं, फॉन्ट टाकून स्मरणिकेची एक फाइल उघडून बघितली, की क्लोनझिला या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर काढून ठेवायची. काढलेल्या केबल परत लावायच्या, पेनड्राइव्ह काढायचा, आणि बूटच्या क्रमात नवी डिस्क पहिली आहे ना ते बघायचं.